अर्धी गोळी

६ नोव्हेंबर २०१७

ही डायरी मच्छीमार सोसायटीनं चंद्राला दोन वर्षांपूर्वी दिली होती. माझ्या नवऱ्यानं तिच्यात एकच ओळ लिहिलीय, 'जाळं शिवायचं', आणि ते जाळंही अजून शिवलेलं नाही. म्हणून छापलेल्या तारखा खोडून मी ती माझ्याकडे घेतली. आजपासून माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी आहे. अच्छाडला हायवेवर आमचा स्टॉल लागला.

आमचा म्हणजे माझा आणि सुषमाताईचा. ती माझी मोठी जाऊ. तिचे रामादादा आणि माझा चंद्रा, दोघे भाऊ एकाच बोटीवर जातात. आम्ही नरपडहून सातची इको व्हॅन पकडायची, तलासरीवरून अच्छाड गाठायचं आणि सुके बोंबील, जवळा, बोंबलाची चटणी आणि तांदळाची गरम भाकरी विकायची. गुजरातेतून परतणाऱ्या केरळ-तामिळनाडूच्या गाड्या तिथे थांबतात. ते ड्रायव्हर आठवडाभर डाळ खाऊन वैतागलेले असतात. बोंबलाचा वास आला की ब्रेक आपोआप लागतो.

जागा जिग्नेशभाईंची, त्यांच्या पंक्चरच्या दुकानाला लागून एक पत्र्याची शेड. ते स्वतः शाकाहारी आहेत, आम्ही आलो की दोन अगरबत्त्या लावतात. शेजारी पावभाजीवालाही त्या जागेवर टपून आहे. तेव्हा त्यांनी अट घातली. "बेन, होळीपर्यंत एक पण खाडा नाय पाडायचा. पछी जागा तुमची, कायमची."

इतकी वर्षं मी डहाणूच्या बाजारात सासूच्या मागे टोपली धरून बसले. भाव ती सांगायची, घासाघीस ती करायची, मी फक्त माश्या वारायचे. आता होळीपर्यंत मी तापानं फणफणले तरी खाडा नाही.

१४ नोव्हेंबर

धंदा अर्धा-अर्धा ठरलाय. आमच्या घरात दुसरं काही ठरूच शकत नाही. सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आईंचा कायदा आहे, घरात आलेलं सगळं दोन्ही सुनांत निम्मं. घर एक, चुली दोन, तेल निम्मं, सरपण निम्मं, पापलेट एकच आलं तर डोकं एकीला आणि शेपूट दुसरीला, पुढच्या वेळी उलट. एकदा आतेसासूबाईंनी एकच भारी साडी आणली. आईंनी ती मधोमध कापली आणि दोघींच्या उशांना अभ्रे शिवले. भांडण नाही आणि साडीही नाही. पण खरं सांगायचं तर सोळा वर्षांत आम्हा जावांचं एकदाही वाजलेलं नाही.

२५ नोव्हेंबर

मला झालंय तरी काय, इतका उत्साह! पहाटे आपोआप डोळे उघडतात. इको येईपर्यंत माझी चटणी कुटून, घर झाडून, वर चंद्राशी एक भांडण उरकून होतं. चार भाकऱ्या खाते तरी तासाभरात पुन्हा भूक. आणि मजा म्हणजे बारीक होतेय. दिवाळीचा ब्लाउज दोन्हीकडून टाचावा लागला. लोक बारीक व्हायला काय काय करतात, मला नुसता धंदा मानवला.

ड्रायव्हर लोक माझ्याशी घासाघीस करत नाहीत. जिग्नेशभाई म्हणाले, बेन, तुम्ही डोळे असे मोठे करून बघता की माणूस घाबरून देऊन टाकतो. मी काही डोळे मोठे करत नाही. पण घाबरत असतील तर घाबरू देत.

सुषमाताईचं मात्र काही कळत नाही. इकोत बसली की झोपते. मला उकडतं म्हणून मी खिडकी उघडते, तिला थंडी वाजते म्हणून ती लावते. तलासरी येईपर्यंत आमचा हाच खेळ. भरदुपारी चुलीपुढे बसून स्वेटर घालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

५ डिसेंबर

ओखी वादळाचा पाऊस. डिसेंबरात पाऊस! बांबूच्या वलांडीवर दोरीभर बोंबील वाळत होते, बहुतेक सगळे भिजले. मी, आई, शेजारची भिकी, सगळ्या धावत सुटलो. सुषमाताई चालत आली. चालत! मी ओरडले तर म्हणाली, "पाय उचलत नाय गं कल्पे." आवाज पण कसा घोगरा काढला. सहानुभूती मिळवायची ही तऱ्हा मला नवीन आहे.

तरी आम्ही स्टॉल बुडवला नाही. वाचलेल्या मालावर अकरा वाजता जाऊन उभ्या राहिलो. जिग्नेशभाईंनी तो खाडा धरला नाही.

१९ डिसेंबर

सुषमाताईचं निदान झालं. थायरॉईड. रामादादांनी तिला डहाणूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. गळ्यात कुठलीशी ग्रंथी असते, तिचा रस हिच्यात कमी पडतो. म्हणून सूज, म्हणून थंडी, म्हणून केस गळणं, म्हणून झोप. एक बाटली भरून पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्यात. सकाळी उपाशीपोटी एक, आणि तासभर चहा नाही. तासभर चहा नाही हे ऐकून आईंना आजार गंभीर असल्याचं पटलं.

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. वादळाच्या दिवशी मी फार बोलले. असो, आता गोळी खाईल आणि धावायला लागेल. बरंच आहे, भाकऱ्यांचा वेग वाढेल.

२९ डिसेंबर

भिकी केस विंचरायला बसली होती. माझ्या गळ्याकडे बघत म्हणाली, तुझ्यापन गल्यात हाय की गं, सुषमासारखंच. आरशात पाहिलं. खरंच, घोट गिळला की काहीतरी वरखाली होतं. म्हणजे मलाही तेच. भिकीचं म्हणणं, मासे खाणाऱ्यांना हे होतच नाही, कोणाची तरी नजर असणार. मी म्हटलं, नजर तर नजर, गोळी घरात आहे.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवस मोडणार. ताई एकटीनं स्टॉल सांभाळेल? तिची भाकरी भाजून होईपर्यंत गिऱ्हाईक केरळात पोचलेलं असेल. होळीनंतर जाईन सावकाश. तोवर मी ताईलाच विचारलं, तुझ्यातली मला देशील का? तिनं बाटलीच पुढे केली. आईंना तर हे फारच आवडलं. त्यांनी स्वतः विळीवर गोळीचे दोन तुकडे केले, एक तिला, एक मला. रोज सकाळी आता हा कार्यक्रम. आमच्या घरचा कायदा औषधालाही लागू झाला.

११ जानेवारी २०१८

गोळी अफलातून आहे. आधी मी पळत होते, आता उडतेय. जानेवारीत पंखा लावून झोपते, चंद्रा गोधडी घेऊन ओटीवर जातो. काल त्याला म्हटलं, बोटीला इंजिन कशाला, मला बसव मागे. तो हसला नाही. माझ्या हाताकडे बघत होता.

हात जरा थरथरतात हे खरं आहे. बोंबील वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची असते. लग्नाआधीपासून मी हे डोळे मिटून करतेय. आज सकाळी एकही जोडी बसेना. अडकवली की निसटायची, सगळे वाळूत. सुषमाताई शेजारी बसून एकेक जोडी लावत होती, हळू हळू, पण तिची एकही पडली नाही. मग ती माझ्या बाजूला सरकली आणि माझ्याही लावून दिल्या. मला राग आला. मी काय लहान पोर आहे?

१८ जानेवारी

ताईत काहीच फरक नाही. सुरुवातीचे आठ-दहा दिवस जरा तरतरीत वाटली होती, आता पुन्हा तेच. मिठाशिवाय चटणी केली. ड्रायव्हरला पाणी द्यायचं विसरली. मी सरळ हिशेब मांडला. त्याच गोळीच्या एका अर्ध्यात मी अशी धावते, दुसऱ्या अर्ध्यात ही पेंगते. म्हणजे आजार होता तो गेला, उरला तो अंगचा आळस.

२३ जानेवारी

आज झालं ते झालं. तीन गाड्या एकदम लागल्या. नागरकोविलचा एक ड्रायव्हर तर दरवेळी खास थांबतो. मी चटणी बांधतेय आणि मागे धूर. वळून बघते तर ताई चुलीपुढे बसल्या बसल्या झोपलेली, तव्यावर भाकरीचा कोळसा, पदर चुलीपासून वीतभर. जिग्नेशभाईंनी पाण्याची बादली ओतली. चूल विझली, गाड्या गेल्या, पावभाजीवाला उभा राहून बघत होता.

मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, "उद्यापासून तू येऊ नकोस. मला नको तू. स्टॉल माझा एकटीचा." आणि जिग्नेशभाईंनाही सांगितलं की होळीनंतर जागा माझ्या एकटीच्या नावावर द्यायची. सोळा वर्षांत पहिल्यांदा घरातलं काहीतरी निम्मं झालं नाही.

ताईनं डबे घासून पिशवीत भरले आणि संध्याकाळी इकोत माझ्याच शेजारी बसून घरी आली. तिनं खिडकी लावली नाही.

२४ जानेवारी

एकटी गेले. सगळं एकटीनं केलं. छान झालं. चुलीपुढे बसायला कोणीतरी हवं, तलासरीची रूपी म्हणून एक पोरगी आहे, तिला बोलवते, जवळ पडेल. पण छान झालं.

सकाळी निघताना आईंनी कागदाची पुडी हातात दिली. आत अर्धी गोळी. आई माझ्याशी बोलत नाहीत, पण पुडी आली. मी म्हटलं, बघा, कायदा म्हणजे कायदा.

३ फेब्रुवारी

आज पुडीत अख्खी गोळी निघाली. कालही अख्खीच होती, मला वाटलं आईंची नजर चुकली. विचारलं तर म्हणाल्या, सुषमानं तशीच बांधलीय, मला काय माहीत.

म्हणजे तिला आता गरज नसणार. बरी झाली असेल, घरी बसून आराम आहे. मलाच जास्त लागते, कामही माझंच जास्त. घेऊन टाकली. तासभर चहा नाही हे काही आपल्याला जमत नाही, पण अर्ध्या तासानं घेते.

१३ फेब्रुवारी

महाशिवरात्र. स्टॉलवर गर्दी नाही, म्हणून लिहायला वेळ.

छातीत चंद्राच्या बोटीचं इंजिन बसवल्यासारखं वाटतं. धडधड, मध्येच एक ठोका चुकतो, मग पुन्हा धडधड. पोट सारखं बिघडलेलं. जिना चढताना मांड्या भरून येतात, आणि आमच्याकडे जिना फक्त सोसायटीच्या ऑफिसला आहे, तोही पाच पायऱ्यांचा. उगाच रडूही येतं. काल रूपीनं भाकरी जरा जाड थापली तर मी रडले. ती बिचारी घाबरली आणि आज आलीच नाही.

चंद्रा रोज म्हणतो डॉक्टरकडे चल. मी म्हणते होळी झाली की. सतरा दिवस राहिलेत. कष्ट आहेत, दुसरं काय. गोळी तर चालूच आहे.

खरं लिहायचं तर, स्टॉलवर बोलायला कोणी नाही. ताई बोलायची नाही फारशी, पण असायची.

२२ फेब्रुवारी

डहाणू. दवाखान्याची खाट. अक्षर असं आलंय कारण दुसऱ्या हातात सुई आहे.

परवा स्टॉलवर वजन करता करता डोळ्यांपुढे काळोख आला. जिग्नेशभाईंनी दुकान उघडं टाकून त्यांच्या गाडीतून इथे आणलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. ताईला तपासणाऱ्या त्याच या. त्यांनी विचारलं, काही औषध चालू आहे? मी म्हटलं, आहे ना, थायरॉईडचं. कोणी दिलं? मी म्हटलं, घरचंच आहे.

मग सगळं बाहेर आलं. आईंची विळी, पुड्या, सगळं. माझा रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी सुषमाताईला बोलावून घेतलं. ती दारात उभी राहिली आणि मी तिला ओळखलं नाही. एक महिना एका घरात राहून मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, पावलं चपलेत मावत नव्हती.

डॉक्टरीणबाई आधी दोघींवर चांगल्या तापल्या. मग समजावून सांगितलं. ग्रंथी तीच, पण दुखणं उलटं. "हिच्या चुलीत लाकडं कमी पडतात, म्हणून मी बाहेरून देत होते. तुझ्या चुलीत आधीच जाळ छपराला लागलाय. आणि ही आपली लाकडं उचलून तुझ्या चुलीत घालत होती." वजन उतरणं, गरम होणं, डोळे, हात, राग, सगळं त्या जाळाचं. मी मात्र त्याला धंदा मानवला असं म्हणत होते. आणखी आठ-पंधरा दिवस अख्खी गोळी खाल्ली असती तर हृदयावर बेतलं असतं, असंही म्हणाल्या. मला वेगळ्या गोळ्या दिल्या, एक जाळ कमी करायची, एक धडधड थांबवायची. ताईला तिची जुनीच, पण अख्खी, रोज.

त्यांनी ताईला विचारलं, अर्धी दिली ते एक वेळ समजू, पण स्वतःची अख्खी का देत होतीस?

ताई म्हणाली, "एकटीनं सगलं करायची ती. हात थरथरायचे. मला वाटलं, तिला कमी पडतंय."

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी विचारलं, मी तुला सगळ्यांसमोर हाकललं, तरी? ती म्हणाली, "आपल्याला सगलं आईनी वाटून दिलं. तोंडानं मागितलंस ते तू येवढंच. नाय कसं म्हणू?"

मी भिंतीकडे तोंड करून रडले. या रडण्याचा ग्रंथीशी काही संबंध नव्हता.

२५ फेब्रुवारी

घरी. धडधड पुष्कळ कमी आहे. आईंनी विळी मोरीत मागे ढकलून ठेवलीय आणि माझ्याकडे बघत नाहीत. आज जेवायला वाढताना हळूच म्हणाल्या, मीच कापली गं. मी म्हटलं, मागितली मी, आई.

स्टॉल गेला हे मी मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं. पाच दिवसांचा खाडा, पावभाजीवाल्याची शेगडी आत आली असणार. चंद्राला तसं म्हटलं तर तो बघतच राहिला. "खाडा कुठला? वैनी रोज जाते. तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून."

त्या पावलांनी! आणि दवाखान्यात आली त्या दिवशीही सकाळी स्टॉल उघडून, रूपीला बसवून आली होती. रूपीलाही तिनंच समजावून परत आणलं.

३ मार्च

काल धुळवड झाली. संध्याकाळी ताई माझ्या चुलीपाशी आली. हातात पिशवी होती, तीत तराजू, सुरी, चटणीचा डबा, शेडची किल्ली. एकेक वस्तू काढून माझ्यापुढे मांडली. म्हणाली, जिग्नेशभाईंनी जागा दिली, तुझ्याच नावानं, तू सांगितलं होतंस तसं. आता तुझं तू सांभाळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेवढा आराम कर आणि मग जा.

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते सरळ म्हटलं, कारण मी तिला नको म्हटलं होतं आणि तिनं ते ऐकलं होतं. तिच्या लेखी विषय संपला होता.

हायवेवर येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकला हाका मारणारी मी, तराजूच्या साखळ्या सोडवत बसले. ताई उठून दारापर्यंत गेली. तेव्हा कुठे मी हाक मारली.

"ताई, मला तू हवीस स्टॉलवर. नाव दोघींचं लावू. ये ना परत."

ती वळली. लगेच हो म्हणाली नाही. आमच्या ताईला कुठलीच गोष्ट लगेच जमत नाही, आणि त्या क्षणाइतकी मी आयुष्यात कशाची वाट पाहिलेली नाही. मग म्हणाली, "सातच्या इकोनं नाय येनार. इतके दिस कशीबशी उठले, मला अजून जाग येत नाय. दहाच्या येईन."

मी म्हटलं दहाच्या ये. अकराच्या ये.

ती हसली. किती महिन्यांनी हसली कोण जाणे. पिशवी उचलून परत स्वतःच्या चुलीकडे घेऊन गेली आणि जाता जाता उंबऱ्यावरून म्हणाली, "गोली मात्र तुझी तू खा."